चुन्याच्या पिंपात उकळी कुठून येते?

दिवाळीच्या आधी घराला चुना काढायचा, हा आमच्या गावाकडचा नेम होता. डिस्टेंपर आणि ऑइलपेंट नंतर आले. आजोबा बाजारातून चुनकळीचं पोतं आणायचे, अंगणाच्या कडेला जुनं लोखंडी पिंप ठेवून त्यात पाणी भरायचे आणि पांढरे खडे एकेक करून आत सोडायचे. पहिली काही मिनिटं नुसते बुडबुडे. मग खडे तडकू लागत, पाणी दुधासारखं होई, वाफा निघत आणि बघता बघता सगळं पिंप खदखदू लागे. खाली ना चूल, ना सरपण. आम्ही पोरं वाकून बघायला गेलो की आजोबा ओरडायचे, "मागं सरा, डोळ्यात उडंल!" त्यांचं बरोबर होतं. चुन्याच्या त्या शिंतोड्याने डोळा कायमचा जाऊ शकतो.

विस्तव नसताना पाणी उकळलं कसं, हा माझा प्रश्न. शाळेत पुढे शिकवलं की ही 'उष्मादायी अभिक्रिया' आहे. उष्मादायी म्हणजे उष्णता देणारी. म्हणजे पिंप गरम झालं, कारण ते गरम होणारं पिंप होतं! नाव मिळालं, उत्तर मिळालं नाही. ते मिळायला मला बरीच वर्षं लागली. त्या वाटेवर रसायनशास्त्रातल्या उष्णतेच्या आणि ऊर्जेच्या जवळजवळ सगळ्या मूळ कल्पना भेटतात, म्हणून त्याच वाटेने जाऊ.

सुरुवात शब्दांपासून करायला हवी, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. ऊब, धग, झळ, आच, कढ, चटका, ताप असे कितीतरी शब्द आपल्याकडे आहेत आणि त्यातले दोन तर शास्त्राला हवे तसेच आहेत. 'अंगात ताप आहे' म्हणताना आपण तापमानाबद्दल बोलतो. 'मंद आचेवर शिजवा' म्हणताना भांड्याला किती वेगाने उष्णता मिळते आहे, त्याबद्दल बोलतो. ताप आणि आच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. वहीत उत्तर लिहिताना मात्र तापमान आणि उष्णता एकच होऊन बसतात. ('आंबे जास्त खाल्ले, उष्णता झाली' यातली उष्णता निराळी. ती आयुर्वेदाच्या भाषेतली आहे, थर्मामीटरवर दिसणारी नाही. तिला इथे बाजूला ठेवू.)

फुलबाजीची ठिणगी हातावर पडते तेव्हा तिचं तापमान हजार अंश सेल्सिअसच्या घरात असतं. तरी नुसतं टोचल्यासारखं होतं आणि संपतं. आंघोळीची बादली ६० अंशांवर असेल तर त्यात हात घातल्यावर कातडी भाजते. ठिणगी बादलीपेक्षा कितीतरी तप्त, पण तिच्यात धातूचा कण केवढा? पदार्थाचे अणुरेणू सतत हलत, थरथरत, धावत असतात. सरासरी एकेक कण किती जोरात हलतो आहे, ते तापमान सांगतं. सगळ्या कणांची मिळून ऊर्जा किती, हे मात्र कण किती आहेत त्यावरही ठरतं. (फुलबाजीची विझलेली तार हा वेगळा मामला. ती ठिणगीपेक्षा थंड असूनही भाजते, कारण तिच्यात धातू भरपूर आहे.)

मग उष्णता म्हणजे काय? मुंबईच्या चाकरमान्याने गावी पाठवलेले पैसे पोस्टमनच्या पिशवीत असेपर्यंत मनीऑर्डर असतात. घरी पोचून डब्यात पडले की ते नुसते पैसे. 'डब्यात किती मनीऑर्डर आहे?' असं कोणी विचारत नाही. उष्णतेचं तसंच आहे. तप्त वस्तूकडून थंड वस्तूकडे, तापमानात फरक आहे एवढ्याच कारणाने जी ऊर्जा जाते, ती वाटेवर असताना उष्णता. पोचल्यावर ती त्या वस्तूची अंतर्गत ऊर्जा. आणि पैसे जसे पोस्टाने न पाठवता स्वतः नेऊन हातात देता येतात, तशी ऊर्जा उष्णतेवाचूनही पोचवता येते. थंडीत तळहात एकमेकांवर घासा. दोन्ही हात सारखेच गार होते, कोणी कोणाला उष्णता दिली नाही, तरी गरम झाले. तिथे ऊर्जा पोचली ती कार्याच्या रूपाने, म्हणजे घासण्याच्या मेहनतीतून.

हे आज सोपं वाटतं, पण अठराव्या शतकात मोठमोठी माणसं उष्णतेला एक अदृश्य द्रव समजत होती. 'कॅलरिक' असं त्याचं नाव. आधुनिक रसायनशास्त्राचा पाया घालणाऱ्या लव्हाझिएने १७८९मध्ये मूलद्रव्यांची यादी केली, तिच्यात ऑक्सिजन, हायड्रोजनच्या पंगतीला कॅलरिकही बसवला होता. पुढे १७९८मध्ये काउंट रम्फर्डने म्युनिकच्या तोफखान्यातला अनुभव मांडला. तोफेची नळी कोरताना बोथट गिरमिटाच्या घर्षणाने इतकी उष्णता निघत होती की अडीच तासांत भोवतीचं पाणी उकळलं, आणि घासत राहिलं तर उष्णता निघतच राहायची. द्रव असता तर तो कधीतरी संपला असता. त्यानंतर १८४०च्या दशकात मँचेस्टरजवळच्या एका मद्य उत्पादकाच्या मुलाने, जेम्स ज्यूलने, खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवली आणि पाणी किती तापलं ते चिकाटीने मोजलं. १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला लागते ती १ कॅलरी, आणि १ कॅलरी म्हणजे आजच्या मापात ४.१८ ज्यूल (ऊर्जेचं हे एकक त्याच्याच नावाचं). बिस्किटाच्या पुड्यावर छापतात त्या कॅलरी प्रत्यक्षात किलोकॅलरी असतात, म्हणजे हजारपट मोठ्या. त्यांच्याकडे पुढे येऊ.

पाणी तापायला फार चिवट आहे. १ किलो पाणी १ अंशाने वर न्यायला ४.१८ किलोज्यूल लागतात, खाद्यतेलाला त्याच्या निम्म्याच्या आसपास आणि लोखंडाला जेमतेम ०.४५. पाठ्यपुस्तकात याला विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. रिकामा तवा मिनिटात तापतो आणि तेवढ्याच वजनाचं पाणी तापायला वेळ लागतो, ते यामुळे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस ओलांडतो तेव्हा रत्नागिरी तिशीच्या थोडी वर असते. त्यामागे वारे आहेत, दमट हवा आहे, पण सगळ्यात मोठी कमाई शेजारच्या समुद्राची. तो ऊन पीत राहतो आणि तापायचं नाव घेत नाही.

याहून विलक्षण गोष्ट पाणी उकळताना घडते. १ लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. पण उकळी आल्यावर तेच पाणी पूर्ण आटवायचं तर २,२५७ किलोज्यूल, म्हणजे सातपटीहून अधिक! आणि या साऱ्या वेळात थर्मामीटर १०० वरून हलत नाही. मग ऊर्जा गेली कुठे? ती रेणूंना अधिक जोराने पळवण्यात गेली नाही, त्यांना एकमेकांपासून सोडवण्यात गेली. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. तो धरलेला हात सोडवायला ऊर्जा मोजावी लागते. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने १७६०च्या सुमारास हे ओळखलं. लपून बसते म्हणून आपण तिला अप्रकट उष्मा म्हणतो. स्वयंपाकघरात याचा रोकडा उपयोग आहे: भाजीला उकळी आल्यावर गॅस मोठा ठेवून ती लवकर शिजत नाही, फक्त पाणी लवकर आटतं. बटाटा १०० अंशांवरच शिजतो आहे, आच कितीही वाढवा. त्याहून वर जायचं तर दाब वाढवायला हवा. ते काम कुकर करतो आणि आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास नेतो.

माठ याच उष्म्यावर चालतो. झिरपलेल्या पाण्याची बाहेर वाफ होते आणि वाफ व्हायला लागणारी ऊर्जा ती आतल्या पाण्यातून काढून घेते. १० लिटरच्या माठातून वाटीभर, म्हणजे १५० मिलिलिटर, पाणी उडून गेलं तर हिशेबाने उरलेलं पाणी आठ-नऊ अंशांनी उतरतं. बाहेरची उष्णता दरम्यान आत शिरत असते म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त पाणी उडावं लागतं, एवढंच. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ आणि वाळ्याचा कूलर जीव वाचवतात, मुंबईत मात्र दोघांचंही फारसं चालत नाही. तिथली हवाच पाण्याने भरलेली, वाफ जाणार कुठे?

आता रासायनिक बदलाकडे. इथे एक चूक इतकी पक्की रुजलेली आहे की तिच्यावर जरा रेंगाळलंच पाहिजे. 'बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. (बंध म्हणजे अणूंना एकमेकांशी धरून ठेवणारी जोड.) जीवशास्त्राच्या वर्गात तर ते हमखास येतं: पेशीतल्या एटीपी या रेणूचा बंध तुटतो आणि त्यातली ऊर्जा पेशीला मिळते. जणू बंध म्हणजे दाबून ठेवलेली स्प्रिंग. खरं त्याच्या उलट आहे. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते, नेहमी, एकही अपवाद न ठेवता. ऊर्जा बाहेर पडते ती बंध जुळताना.

विहीर डोळ्यांसमोर आणा. दोर सुटला की बादली धाडकन खाली जाते, रहाट गरागरा फिरतो. ती खाली जाणं म्हणजे बंध जुळणं. बादली वर काढायची तर ओढावं लागतं, ते बंध तोडणं. विहीर जितकी खोल, तितका बंध पक्का आणि तितकी ओढायला मेहनत. आता एखादी अभिक्रिया म्हणजे काय? काही बादल्या उथळ विहिरींतून वर काढायच्या आणि त्याच खोल विहिरींत सोडायच्या. वर काढण्यात थोडं खर्चलं, खाली सोडताना जास्त मिळालं. तो जो वरकड उरला, तीच आपल्याला दिसणारी धग. एटीपीच्या बाबतीतही तुटणारा बंध उथळ विहिरीतला असतो आणि पाण्याच्या साथीने जे नवे बंध जुळतात ते अधिक खोल, म्हणून पेशीच्या हाती काही लागतं.

आकड्यांत बघू. गोबर गॅसमध्ये जळणारा मुख्य वायू मिथेन. आकडे मोलच्या हिशेबाने सांगतात. मोल हा डझनासारखाच मोजायचा एकक, फक्त अतिप्रचंड संख्येचा. मिथेनचा १ मोल म्हणजे १६ ग्रॅम. मिथेनच्या एका रेणूत कार्बन-हायड्रोजनचे ४ बंध, तोडायला मोलमागे प्रत्येकी ४१३ किलोज्यूल, एकूण १,६५२. त्याच्या जोडीला ऑक्सिजनचे दोन रेणू, प्रत्येकी ४९८, म्हणजे ९९६. खर्च झाला २,६४८. आता जुळणी. कार्बन डायऑक्साइडमधले दोन दुहेरी बंध, प्रत्येकी ७९९, मिळून १,५९८. पाण्याच्या दोन रेणूंतले चार बंध, प्रत्येकी ४६३, मिळून १,८५२. जमा ३,४५०. वजा खर्च, उरले ८०२ किलोज्यूल. प्रयोगशाळेत मिथेन जाळून, पाणी वाफेच्या रूपात राहील असं धरून मोजलं, तरी हाच आकडा येतो. १६ ग्रॅम वायूतून अडीच लिटर पाणी उकळीला येण्याइतकी ऊर्जा! आणि ती एकट्या मिथेनमध्ये 'साठवलेली' नव्हती. ऑक्सिजनचा बंध त्यामानाने कच्चा आहे, पाणी आणि कार्बन डायऑक्साइडमधले बंध फार पक्के आहेत, या फरकात ती होती. इंधनात ऊर्जा असते असं आपण सहज म्हणतो, पण खरं तर ती इंधन आणि हवा या जोडीत असते.

पिंपातही हेच घडत होतं. चुनकळी म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड. त्यातला ऑक्साइड आयन, म्हणजे विद्युतभार असलेला ऑक्सिजनचा अणू, पाण्याच्या रेणूतला एक हायड्रोजन ओढून घेतो. त्याचंही हायड्रॉक्साइड होतं आणि उरलेल्या पाण्याचंही. नवी मांडणी जुनीपेक्षा खोल विहिरीतली. ५६ ग्रॅम चुनकळीमागे, म्हणजे लिंबाएवढ्या खड्यामागे, सुमारे ६५ किलोज्यूल बाहेर पडतात. किलोमागे १,१६० होतात. सगळी ऊर्जा पाण्याला मिळाली तर १ किलो ताजी चुनकळी पावणेचार लिटर पाणी उकळीला आणेल. आजोबांचं पोतं किती किलोंचं होतं ते आठवत नाही, पण पिंपाची खदखद आता पटते.

पुस्तकात हा आकडा −६५ असा लिहितात, आणि गरम होतं तर उणे कसं, असं मुलं विचारतात. विचारायलाच हवं. हे पासबुक त्या रसायनांचं आहे, आपलं नाही. त्यांच्या खात्यातून गेलं म्हणून उणे. आपल्या हाताला जमा झालं म्हणून गरम. उघड्या भांड्यात, हवेचा दाब कायम असताना, अशी जी उष्णता दिली-घेतली जाते तिच्या हिशेबासाठी एन्थाल्पी हा शब्द आहे. शब्द अवघड आहे, काम साधं आहे: भांडं उघडं असताना खात्यात किती फरक पडला, ते सांगणं.

याच पासबुकात अधिक चिन्हही येतं. फवारणीसाठी युरिया बादलीत विरघळवला की बादली गार पडते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. ४५ किलोच्या पोत्यातून किलोभर युरिया काढून ५ लिटर पाण्यात ढवळला तर तापमान दहाएक अंशांनी उतरतं आणि दमट दिवस असेल तर बादलीला बाहेरून दव धरतं. मोलमागे साधारण १५ किलोज्यूल युरिया पाण्याकडून उचलतो. कल्हईवाल्याचा नवसागरही पाण्यात टाकला की असंच करतो. ही झाली उष्माग्राही क्रिया.

इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा, जो माझ्या मते या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न आहे. बादल्या खोल विहिरीत आपणहून पडतात हे समजलं. मग युरिया आपणहून वर कसा चढतो? त्याला कोणी ढकललं नाही, तापवलं नाही. उलट तो पाण्याला गार करत, त्याच्याकडून ऊर्जा उचलत विरघळतो. का?

कारण निसर्गात ओढ एकच नाही. युरियाच्या स्फटिकात रेणू रांगेत, आपापल्या जागी बांधलेले असतात. तसं राहण्याच्या तऱ्हा थोड्या. पाण्यात सुटल्यावर ते कुठेही असू शकतात, कसेही वळू शकतात. त्या तऱ्हा इतक्या अफाट आहेत की भटकणाऱ्या रेणूंनी पुन्हा रांगेत येणं जवळजवळ अशक्य होतं. पंगतीला ओळीने बसलेली शंभर माणसं उठून जत्रेत मिसळली की पुन्हा आपोआप पंगत बसत नाही. तशी बसू नये असा कोणाचा हुकूम नसतो, विखुरण्याच्या वाटाच जास्त असतात. या विखुरण्याच्या मापाला जर्मन शास्त्रज्ञ क्लॉसियसने १८६५मध्ये एन्ट्रॉपी नाव दिलं. क्रिया घडेल की नाही, हे खोल विहीर आणि विखुरण्याच्या वाटा या दोघांच्या बेरजेवर ठरतं. चुन्याच्या पिंपात विहिरीची बाजू जिंकते, युरियाच्या बादलीत विखुरण्याची.

आणि तरीही, जे घडायला हवं ते लगेच घडतंच असं नाही. गॅसचं बटण फिरवून लायटर लावला नाही तर मिथेन ऑक्सिजनमध्ये मिसळून नुसता पसरत राहील. खाली खोल विहीर आहे, पण बादली आधी उथळ विहिरीच्या काठावरून उचलायला हवी. ती पहिली उचल म्हणजे सक्रियन ऊर्जा. लायटरची ठिणगी काही मोजक्या रेणूंना काठावर चढवते, ते पडताना शेजाऱ्यांना चढवतात आणि ज्योत स्वतःला पोसू लागते. हा काठ नसता तर आगपेटी, कापूर, लाकूड, आपण स्वतः, सगळे हवेत उघडे पडल्याबरोबर पेटलो असतो.

'आपण स्वतः' हे उगाच म्हटलं नाही. लव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२-८३च्या हिवाळ्यात बर्फाने वेढलेल्या एका भांड्यात गिनिपिग ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला ते मोजलं. मग तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडणारा कोळसा जाळून बघितला. आकडे बरेच जवळ आले. श्वसन हे संथ ज्वलन आहे, असं त्यांनी मांडलं. चहात टाकलेली ५ ग्रॅम साखर, म्हणजे एक चमचा, पूर्ण जळली तर सुमारे ८२ किलोज्यूल देते; पुड्यावरच्या भाषेत २० कॅलरी. तेवढ्यात २०० मिलिलिटर पाणी बर्फाइतक्या थंडीपासून जवळजवळ उकळीपर्यंत जाईल. आपल्या शरीरात तीच साखर ३७ अंशांवर, धूर-ज्योतीशिवाय, विकरांच्या मदतीने लहान लहान पायऱ्यांनी उतरते. विकरं विहिरीची खोली बदलत नाहीत, फक्त काठ उतरवतात. म्हणून एकूण आकडा चुलीत आणि पोटात सारखाच येतो.

हे 'एकूण आकडा सारखाच' रसायनशास्त्रज्ञ जर्मेन हेसचं. जन्म जिनिव्हाचा, १८०२चा. काम सेंट पीटर्सबर्गला. १८४०मध्ये त्याने मांडलं की एका पदार्थापासून दुसऱ्यापर्यंत एका उडीत जा की चार पायऱ्यांनी, उष्णतेची बेरीज तीच. ऊर्जा अक्षय्य असते हे मायरने १८४२मध्ये आणि ज्यूलने त्यानंतर सांगितलं. त्याआधीच हेसने ते रसायनांच्या बाटल्यांत पकडलं होतं.

आता पिंपाकडे परत जाता येतं. चुनकळी खाणीत मिळत नाही. खाणीत मिळते चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कोकणात आणि गोव्यात शिंपल्यांपासूनही चुना करत. चुनखडी भट्टीत ९०० अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि चुनकळी उरते. यासाठी मोलमागे १७८ किलोज्यूल घालावे लागतात. प्रत्यक्ष भट्टीत लाकूड-कोळसा याहून बराच जास्त जातो, कारण भिंती तापतात, धुरासोबत उष्णता जाते. पण चुनखडीच्या खात्यावर जमा होतात ते १७८. पिंपात पाणी मिळालं तेव्हा त्यातले ६५ परत निघाले. आजोबांच्या अंगणात जी उकळी दिसत होती ती कुठल्याशा भट्टीतल्या सरपणाची होती, पोत्यात बांधून बैलगाडीने आलेली.

मग उरलेले ११३ कुठे गेले? ते भिंतीवर गेले. कुंचल्याने ओढलेला ओला चुना काही दिवसांत नुसता वाळत नाही. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि त्याची पुन्हा चुनखडी होते. म्हणूनच चांगला बसलेला चुना नखाने सहज निघत नाही. या पायरीला मोलमागे ११३ किलोज्यूल बाहेर पडतात. १७८ घातले; ६५ आणि ११३ मिळाले; बाकी शून्य. चुनखडीपासून निघून आपण चुनखडीलाच पोचलो आणि हेस म्हणतो तसा हिशेब पूर्ण मिटला. पिंपात जेवढी उष्णता निघाली, तिच्या पावणेदोनपट भिंतीतून निघाली, पण दिवसांच्या आणि आठवड्यांच्या अवधीत, सगळ्या घरभर पसरून, म्हणून ती कोणाच्या हाताला लागली नाही. किल्ल्यांवर दगडी चाकाचे चुन्याचे घाणे आजही दिसतात. तिथे मळलेला चुना तटाच्या जाड सांध्यांत, हवा जेमतेम पोचते अशा जागी, याच ११३चा हिशेब पुरा करायला वर्षानुवर्षं घेत असतो.

आजोबा पोतं विकत घेण्याआधी एक करायचे. त्यातला एक खडा काढून दुकानदाराकडच्या तांब्यातल्या पाण्यात टाकायचे. तो चुरचुरला, तडकला, तांब्याला चटका बसू लागला की पोतं घ्यायचं. एकदा खडा नुसता तळाशी जाऊन बसला. पिठूळ झालेला होता. आजोबा काही न बोलता पुढच्या दुकानाकडे निघाले. ते पोतं पावसाळाभर उघडं राहिलं असणार. दमट हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेत घेत त्याचे १७८ गोदामातच संपले होते.